जपानी खानावळीत आईला घेऊन गेलो, तिथे मेनू कार्डच नाही

पहिले निकाल सांगतो, बाकीचं मग. जा. माणशी १८०० रुपये घेतात, आमच्या भागाच्या हिशोबानं ही रक्कम लहान नाही, तेवढ्यात पाहुण्यारावळ्यांसकट घरभर मटण होते, तरी मी म्हणतो एकदा जाच आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या.

जागा गोंदिया जिल्ह्यातली, कोहमाऱ्यावरून नवेगावबांधकडे वळलं की थोडं पुढे, धानाच्या बांध्यांच्या मधात. बोर्ड नाही. जुन्या कवेलूच्या घराची ओसरी बंद करून घेतली आहे, आत सागाची एक लांब जाड फळी टाकली आहे, अलीकडे आठ उंच स्टुलं आणि पलीकडे शेफ एकटा उभा. गावातले लोक त्याला जपानी खानावळच म्हणतात. चालवणारा आपल्याच भागातला, पस्तिशीचा पोरगा, ओसाकात नऊ वर्षं हॉटेलात राबून आला, आधी भांडी घासली, मग भात धुवायला मिळाला, मासोळी हातात यायला चार वर्षं लागली असं त्यानंच सांगितलं. फक्त शनिवार-रविवार, संध्याकाळी सातची एकच पंगत, आठच्या वर नववा माणूस घेत नाही.

मेनू कार्ड नाही म्हणजे खरंच नाही. जपानीत याला ओमाकासे म्हणतात. माकासेरू म्हणजे सोपवणे, एखाद्यावर टाकणे, आणि ओमाकासे म्हणजे तुमच्यावर सोडलं बाप्पा, तुम्हीच बघा. सुशीच्या दुकानात आपण एकेक नाव घेऊन मागवलं तर ते ओकोनोमी, शेफवर सोडलं तर ओमाकासे. काइसेकी म्हणून अजून एक प्रकार आहे, पण त्यात कशानंतर काय येणार तो क्रम आधीच बसवलेला असतो. इथे तो आपल्याकडे बघून बघून पुढचं ठरवतो, आणि माझ्या मते सगळं त्या बघण्यातच आहे. दोन वर्षांआधी एका मोठ्या शहरात मी हेच म्हणून एका जपानी हॉटेलात बसलो होतो, शेफ कुठे आत, दिसलाच नाही, वेटर एकामागून एक प्लेटा ठेवून गेला, बाजूच्या टेबलावर पण त्याच प्लेटा, माझा मित्र झिंगे खात नाही हे दोनदा सांगून झालं होतं तरी तिसऱ्या प्लेटमध्ये झिंगा. दोघांचं बिल साडेआठ हजार. ती ठरलेली थाळी होती, ओमाकासे हे नाव लावून जास्त पैसे घेतले याचा मला आजही राग आहे, म्हणून इथे जाताना मी जरा सावधच होतो.

आता आईबद्दल सांगतो कारण तिच्याशिवाय हा रिव्ह्यू होतच नाही. आई अडुसष्ट वर्षांची. तीस वर्षं तिनं आठवडी बाजारात मासोळी विकली. आमच्या घरी आज काय खायचं हा प्रश्न कधी कोणी विचारलाच नाही, तळ्यातून जे आलं आणि विकून जे उरलं ते आईनं शिजवलं आणि आम्ही खाल्लं, त्यामुळे शिजवणाऱ्यानं ठरवायचं आणि खाणाऱ्यानं गप खायचं हे आम्हा भावंडांना मुळीच नवं नाही. नवं होतं ते आईला. तिच्या पुढ्यात काय यावं हे दुसऱ्या कोणी विचार करून ठरवलं असं लग्न होऊन या घरात आल्यापासून झालेलं नाही, दवाखान्यात भरती होती तेव्हाचा डबा सोडला तर. म्हणून तिला नेलं. रोवणे आटोपले होते, श्रावण संपला, पोळ्याची कर झाली आणि गणपती बसायला दोन दिवस होते, मधातला शनिवार मिळाला.

बसल्या बसल्या त्यानं तीन गोष्टी विचारल्या. काय खात नाही, काय खाल्लं की अंगावर पित्त उठते, आणि तिसरी फक्त आईला.

"मावशी, दुपारचं जेवण कधी झालं?"

"अकराले भात खाल्ला होता बाबू. मंग काई नाई."

बाकी सहा जणांपुढे त्यानं आधी थंड काकडीचं काहीतरी ठेवलं, आईपुढे नाही. तिला पहिलेच गरम आणून दिलं. चावानमुशी म्हणतात त्याला, अंड्याचं वाफवलेलं, अंड्याच्या तिप्पट दाशी नावाचं पाणी घालतात म्हणून ते घट्ट होत नाही, वाटी हलवली की थरथरते. आच जास्त झाली तर त्याला जाळी पडते, आमच्या वाटीत एकही भोक नव्हतं. आणि खाली तळाला सात्या! आपल्या सात्या, वारुळाजवळ उगवतात त्या अळिंब्या, पावसाळ्यातले मोजके दिवस मिळतात आणि बाजारात आल्या की तासाभरात संपतात. आईनं चमचा घातला, सातीचा तुकडा वर आला, तिनं तो वास घेऊन पाहिला आणि मग माझ्याकडे नाही, त्याच्याकडे पाहिलं.

दाशी म्हणजे त्यांच्या स्वयंपाकाचा पाया. कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी यांचं पाणी, बस. कात्सुओबुशी म्हणजे बोनिटो जातीची मासोळी उकडून, धुरावर वाळवून, वरून बुरशी चढवून महिनोन् महिने ठेवलेली, ती लाकडासारखी कडक होते आणि मग सुताराच्या रंध्यासारख्या पेटीवर तासून तिच्या पातळ सालपट्या काढतात. त्यानं तो ठोकळा आईच्या हातात दिला. तिनं नखानं टकटक केलं, नाकाशी धरला आणि म्हणाली हे तं आपली सुकी मासोळी हाय, फक्त वास गोड हाय. तो म्हणाला बरोबर मावशी, तेच. १९०८ साली टोकियोतले इकेदा नावाचे प्रोफेसर याच कोम्बूच्या पाण्याची चव कशामुळे येते ते शोधत होते आणि त्यातून उमामी हे नाव निघालं. आपल्याकडे वांग्यात सुकट टाकून भाजी करतात त्यात वेगळं काय होते, तीच चव, आपण तिला नाव दिलं नाही एवढंच.

मग निगिरी आली, म्हणजे भाताच्या मुटक्यावर मासोळीचा काप, आणि इथे अडलं. सॅमन होता, कच्चा. आई म्हणाली, "कच्ची मासोळी मी आजवर मांजरीलेच टाकली."

तो हसला नाही, समजावतही बसला नाही, एवढंच म्हणाला की मावशी तुमचं बरोबर आहे, तळ्यातली नदीतली मासोळी मीही कोणाला कच्ची देत नाही, कितीही पैसे दिले तरी नाही, तिच्यातले जंत माणसाच्या पोटात आणि लिव्हरमध्ये जातात. समुद्रातली असली तरी ती उणे २० डिग्रीवर ७ दिवस गोठवून ठेवावी लागते तेव्हा जंत मरतात. आणि मला जे सर्वात आवडलं ते म्हणजे फ्रीजरच्या बाजूला खिळ्याला टांगलेली वही, दिवसातून तीनदा तापमान लिहिलेलं, आपल्याकडे लाईन कधी जाईल याचा भरवसा नाही म्हणून इन्व्हर्टर आणि जनरेटर दोन्ही, आणि आकडा वर गेलेला दिसला तर तो माल कच्चा जात नाही, शिजूनच जातो. कच्ची मासोळी देणाऱ्या कोणालाही हा प्रश्न विचारा, मोठं शहर असो की आपलं गाव. त्यानंच सांगितलं की जपानी लोक सुद्धा सॅमन पहिले कच्चा खात नव्हते, याच जंतांच्या भीतीनं, १९८० च्या दशकात नॉर्वेवाल्यांनी आपला पाळलेला सॅमन तिकडे विकायला नेला तेव्हापासून तो सुशीवर चढला.

आईचा तुकडा त्यानं उचलून घेतला, गॅसच्या नळीनं वरून आच दिली, चरबी सुटली, कडा तपकिरी झाल्या आणि परत ठेवला. याला आबुरी म्हणतात. तिनं खाल्ला. मी माझा कच्चाच खाल्ला, थंड लोण्यासारखा, भात मात्र कोमट, हाताच्या गरमीइतका. निगिरी हातानं खाल्ली तरी चालते, आणि सोयासॉस मासोळीच्या बाजूला लावायचा, भाताला लावला तर भात फुटतो, हे त्यानं आईला करून दाखवलं.

भातावर आई पहिले नाराज होती हे लिहायलाच पाहिजे. "गिच्च झाला." आमच्या घरी भाताचा दाणा दाण्याला लागला की सुनेचं काही खरं नाही. आम्ही एचएमटी तांदूळ लावतो, तोच जो नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी स्वतःच्या बांधीत ओंब्या निवडून निवडून काढला, बारीक आणि मोकळा. सुशीचा तांदूळ त्याच्या उलटा, आखूड, जाड, त्यात अमायलोज नावाचा स्टार्च कमी म्हणून तो चिकटतो आणि चिकटायलाच पाहिजे. गरम भात लाकडी कोपरात पसरून त्यावर व्हिनेगर, मीठ, साखर टाकतात आणि एकीकडे उलथन्यानं कापल्यासारखा परतत दुसरीकडे पंख्यानं वारा घालतात, दाण्याला चकाकी येते. चावताना दाणे एकेक सुटे होऊन आले. आईनं दुसरा तुकडा मागितला नाही पण ताटलीत एक शीत ठेवलं नाही.

आणि मग रोहू. मी इथे आलो ते यासाठी असं आता वाटते.

रोहू गावच्या तळ्यातलाच, मच्छीमार सोसायटीकडून सकाळी आणलेला. आईनं आधी डोकं मागवून कल्ले उघडून पाहिले, लालभडक, मग मान डोलावली. ज्यांनी रोहू खाल्ला त्यांना माहीत आहे की चव कितीही चांगली असली तरी ते मांसातले दुतोंडी बारीक काटे जीव घेतात, लहान पोरांना देता येत नाही, म्हाताऱ्यांना दिसत नाही. तीस वर्षं आईनं गिऱ्हाइकाच्या तोंडून एकच ऐकलं, बाई काटे किती हायत यात. तिच्याकडे याला उत्तर नव्हतं, कोणाकडेच नव्हतं.

त्यानं रोहूची अर्धी फाक कातडी खाली करून फळीवर ठेवली. एक जड, लांब सुरी घेतली आणि कापायला लागला, पण आरपार नाही. मिलिमीटरभराच्या अंतरानं एकेक चीर, कातडीपर्यंत जाते आणि तिथे थांबते, कातडी कापली जात नाही. शाक, शाक, शाक असा आवाज, पावसात पत्र्यावर वाळू पडावी तसा, ओसरीत सगळे गप झाले. प्रत्येक चिरेसरशी आतला काटा कटकन तुटत होता, ऐकू येत होतं. याला होनेकिरी म्हणतात, हाडं कापणं. क्योटोकडे उन्हाळ्यात हामो नावाची वामीसारखी समुद्री मासोळी खातात, तिच्यात असेच काटे, म्हणून त्यांनी ही विद्या काढली, तीन सेंटिमीटरमध्ये चोवीस-पंचवीस चिरा पडल्या पाहिजेत असा तिकडचा हिशोब आहे. हा पोरगा ती हामोची विद्या आपल्या रोहूवर चालवून राहिला होता.

आई स्टुलावरून उठली. फळीला धरून पुढे वाकली, चष्मा कपाळावर केला आणि त्याच्या मनगटाकडे बघत उभीच राहिली, तो पूर्ण फाक संपेपर्यंत. मग म्हणाली, "अजी, कातडी कशी थांबवली?"

तो म्हणाला हात थांबवत नाही मावशी, सुरी फळीला टेकायच्या आधी आवाज बदलतो. त्यानं सुरीची मूठ तिच्या हातात दिली आणि शेपटीकडचा उरलेला तुकडा पुढे केला. तिच्या पहिल्या दोन चिरा आरपार गेल्या. तिसरी थांबली.

ती फाक मीठ लावून निखाऱ्यावर भाजली, शिओयाकी, मसाला नाही, तेल नाही, हळद पण नाही. भाजल्यावर चिरा फुलासारख्या उमलल्या. वरून लिंबू पिळलं, आपलं कागदी लिंबू. मी तीन घास घेतले, जिभेला काटा लागलाच नाही, बारीक वाळूसारखं काहीतरी लागते आणि चावताना जाते. तळ्याच्या रोहूला जो चिखलाचा वास असतो तो मात्र मिठानं पूर्ण गेला नाही, आईला चालला, मला थोडा जाणवला.

तेव्हा त्यानं एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. सुशी आपण समुद्राची समजतो पण जुनी सुशी तळ्याकाठची आहे. बिवा नावाचं त्यांचं सर्वात मोठं सरोवर, तिथे अजूनही फुनाझुशी करतात, फुना म्हणजे रोहूच्याच कुळातली मासोळी, मीठ लावून मग भातात दाबून महिनोन् महिने आंबवायची आणि पहिल्या काळी तो भात फेकून द्यायचे, फक्त मासोळी खायची. हातानं दाबून लगेच खायची निगिरी तर २०० वर्षांआधीची, एदोतल्या म्हणजे आताच्या टोकियोतल्या ठेल्यांवरची. आमचा हा सगळा भाग तळ्यांचा आहे, कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेली मालगुजारी तळी, नवेगावबांधचं तळं कोलू पाटलांचं, भात आणि मासोळी याशिवाय आमच्याकडे दुसरं होतं काय, आणि आम्ही दोन्ही वेगवेगळं खात राहिलो.

बाकीचं पटपट सांगतो. तळ्यातल्या बारीक झिंग्यांची आणि वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची, काकिआगे म्हणजे एकत्र तळलेली भजी, पीठ बर्फाच्या पाण्यात कालवतात आणि जास्त फेटत नाहीत म्हणून हलकी होते, ही तेम्पुराची तऱ्हा जपानात पोर्तुगीजांकडून आली. चांगली होती, पण सोबत मिरची नाही हे आपल्या माणसाला खटकते, बाजूच्या दादांनी मागितली आणि त्यानं मागच्या झाडाची तोडून दिली, तोंड वाकडं केलं नाही. वासाबी ट्यूबमधला, त्यानं स्वतःच सांगितलं की खरा वासाबीचा कंद इथे ताजा मिळत नाही, हा रंग दिलेला हॉर्सरॅडिश आहे. खरं सांगितल्याचे मार्क माझ्याकडून पूर्ण.

मिसोचं सूप मात्र पटपट सांगण्यासारखं नाही. कतला मासोळीचं डोकं मिसोमध्ये शिजवलेलं, तिकडे कोई मासोळीचं असंच करतात त्याला कोइकोकु म्हणतात. मिसो म्हणजे सोयाबीन उकडून, कुटून, त्यात मीठ आणि कोजी नावाची बुरशी लागलेला तांदूळ मिसळून दाबून ठेवायचं. याचा मिसो घरचा, आठ महिन्यांचा, सोयाबीन यवतमाळकडच्या मावसभावाच्या वावरातलं. मी वाटी तोंडाला लावली आणि खरं सांगतो मला वाईट वाटलं. अर्ध्या विदर्भात सोयाबीन उभं आहे, आपण ते काढतो, पोत्यात भरतो, मार्केट यार्डात नेऊन टाकतो आणि भावासाठी रडतो, ते तेलाच्या मिलमध्ये जाते, ढेप होते, घरात त्याचा एक दाणा शिजत नाही. त्याच दाण्याचं कोणी हे करते. आईनं दोन वाट्या घेतल्या. दुसरी तिनं मागितली नव्हती, त्यानं तिची वाटी रिकामी होताना पाहिली आणि भरली.

शेवटी तामागो, गोड अंड्याची पोळी, थरावर थर. ती आम्हाला कोणालाच समजली नाही, गोड म्हणावं तर गोड नाही आणि अंडं म्हणावं तर साखर. तिकडे या पोळीवरून शेफचा हात ओळखतात म्हणे, असेल, मला त्या जागी पेरूची फोड चालली असती.

आता कमतरता. स्टुलं उंच आणि पाठ टेकायला काही नाही, अडीच तास बसायचं असते, आईचे गुडघे धरले. हे मीच आधी फोनवर सांगायला पाहिजे होतं असं मला त्या रात्री वाटलं, कारण त्यानं लगेच आतून लाकडी खुर्ची आणून दिली, पण फळी उंच आणि खुर्ची बुटकी, मग आईला त्याचे हात दिसेनात, ती परत स्टुलावर चढली. म्हाताऱ्यांसाठी फळीचा एक कोपरा बुटका करायला हवा, मी त्याला तसं सांगितलं. संडास बाहेर, अंगणाच्या टोकाला, पावसात चिखल. पूर्ण शाकाहारी माणसाला इथे नेऊ नका, दाशी सगळ्यात असते, त्याला आधी सांगितलं तर तो नुसत्या कोम्बूची आणि सुक्या मशरूमची दाशी करून देतो पण मग या जागेची अर्धी गंमत राहत नाही. आणि लहान पोरं नका नेऊ, अडीच तास ती बसत नाहीत.

पैसे आधी अर्धे भरावे लागतात. टोकियोत चांगल्या ठिकाणी याच प्रकाराचे २० ते ३० हजार येन सहज होतात म्हणजे आपले दहा हजारांच्या वरच, त्या मानानं १८०० स्वस्त असं मी म्हणणार नाही, कारण धान विकून आलेल्या पैशाला टोकियोचा भाव लावून उपयोग नाही. पण माल कुठून आला, कधी आला, कसा ठेवला हे सगळं समोर दिसते, आणि माणूस आठ जणांना आठ वेगळी माणसं म्हणून जेवू घालतो. त्याचे ते पैसे.

फोन बुधवारपर्यंत करा, नंतर तो मासोळीचं सांगून ठेवतो. कोण येणार, वय किती, गुडघे, साखर, बीपी, सगळं सांगा, तो लिहून घेतो. परतताना रात्र होते, जंगलाचा रस्ता आहे, रानडुकरं आडवी येतात, गाडी हळू चालवा.

घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यात आईनं रोहू आणवला आणि पावशी म्हणजे विळी बाजूला ठेवून कांदे चिरायच्या सुरीनं बसली. अर्ध्या चिरा आरपार गेल्या, तुकडे सुटे झाले, रश्शातच टाकले शेवटी, पण नातवाला तिनं स्वतःच्या हातानं रोहू भरवला, पहिल्यांदा, एकेक घास बोटांनी चाचपून. आता ती म्हणून राहिली की सुरीच जड पाहिजे. धान चुरून झाले की आम्ही परत जाणार आहोत, तोवर मरळ हाती लागली तर फोन करतो असं त्यानं तिला सांगितलं आहे. मला नाही, तिला. नंबर तिचाच घेतला.